तानूबाई आपल्याच घरी पाहुण्या आल्या

॥ श्री ॥ जो देव पाहुणा होऊन घरोघरी राहतो त्यास नमन करून लिहिणे ऐसे जे, शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सर, ते समयी डोंगराआड एक मुलूख होता, नकाशावर माशी बसली तर झाकून जावा इतुका. अन्न स्वस्त, हवा थंड, आणि शिरस्ता ऐसा की पाहुण्यास माडी द्यावी, यजमानाने पडवीत निजावे, आणि 'कधी जाणार' हे पुसो नये. जो पुसेल त्यास कोणी भाकर घालू नये. मुलखाचा कारभार पाहणाऱ्या दिवाणजींनी हे वर्तमान दूरदेशी कळविले. मग टोपीकर आले आणि मांडीवर यंत्रे ठेवून आपल्या देशीची चाकरी येथे बसून करू लागले आणि म्हणो लागले की ऐसे सुख पृथ्वीवर नाही. खरेच होते. सुख तानूबाई रांधीत होत्या.

या बाईंचे माडीवर मार्तीनसाहेब थोडे दिवस म्हणोन उतरले ते दोन वर्षे राहिले, आणि 'येथे पाहुण्यास कोणी हलवीत नाही' ऐसी तारीफ देशोदेशी लिहीत गेले. मग त्यांस सगळेच घर पाहिजे जाहले, आणि दिवाणजींनी, ज्यांस टोपी दिसली की पाठीचा कणा सापडत नसे, हुकूम केला की घर साहेबांचे, बाईंनी निघावे.

शेजारीण चांगुणा म्हणाली, "वहिनी, रडा तरी. लोक जमलेत."

"रडू कशाला गं? मला परत यायचंय."

मग बाईंनी किल्ल्या साहेबांचे हाती दिल्या आणि बोचके घेऊन फाटकाबाहेर गेल्या आणि तेथूनच वळोन कडी वाजविली.

"काय राहिलं, बाई?"

"काही नाही. पाहुणी आलेय. घर तुमचं ना आता? मग माडी माझी."

साहेबांचे ओठांवर 'कधी' आले, सगळी आळी कान देऊन उभी, आणि साहेबांस तर चूलही पेटविता येईना. शब्द गिळिला.

"पाहुणीला उंबऱ्यात उभं ठेवता होय? चहा टाका. साखर वरच्या फळीवर."

साहेब पडवीत निजले. पडवीत डास फार. दिवाणजी बाईंस काढावयास आले, परंतु तेही याच मातीचे, तोंडातून सवाल निघेना. चहा पिऊन गेले. मग ऐसीच ज्यांची घरे टोपीकरांस गेली होती ते सगळेच आपापल्या घरी पाहुणे होऊन आले.

महिना न भरता साहेबांनी किल्ल्या परत दिल्या. "बाई, मला पाहुणाच करा."

"या की. माडी तुमचीच. आम्ही विचारत नाही, पण पाहुण्यानं आपणहून सांगायचं असतं. ते तेवढं तुमच्या तारिफेत राहिलं."

येणेप्रमाणे मुलूख आजही स्वस्त आहे. यावे, जेवावे, निघण्याचा दिवस आपल्या तोंडाने सांगावा. लिहिणारासही कोणी पुसले नाही. तो आपणहून थांबला.