तांडेलाची कालवं

आमच्या चिंचवडच्या चाळीतून कुणी कोकणात निघालं, की तांडेल त्याची वळकटी उचलायला आपणहून हजर. एवढी सेवा फुकट नसे. गाडी सुटता सुटता तो खिडकीत तोंड घालून सांगायचा, "आंबे नको, काजू नको. कालवां खाल्लीत की रिकामी शिंप तेवडी आणा. आणि खंयच्या खडकावरची ता मुद्दाम सांगू नकात."

कालव म्हणजे काय हे मला तांडेलनेच शिकवलं. मी साताऱ्याकडचा, समुद्र फक्त नकाशात निळ्या रंगाचा पाहिलेला. खडकाला चिकटून राहणारा शिंपल्यातला एक जीव, कोकणात तो फोडून खातात. खाऊन झाल्यावर उरलेली खडबडीत, राखाडी शिंप तिथला माणूस उकिरड्यावर फेकतो. आमच्या पिंपरीच्या नव्या कारखान्यातला हा पाइप फिटर मात्र ती रुमालात गुंडाळून घरी नेत असे.

"हेचो आकार बघा, भाऊ," तो म्हणायचा. जेवणाच्या सुट्टीत माझ्या डब्याशेजारी शिंपा मांडलेल्या असत. "ही गोल, आखूड, जाडी. उघड्या खडकावर लाटांचे रट्टे खाल्ल्यान. ही लांब नि अरुंद. खाडीच्या चिखलात दाटीवाटीत वाढली, वर मान काढल्याशिवाय हिका पाणी कसा मिळतला? आणि हेका बाक इलो, कारण ता कांदळाच्या मुळार बसलेला. जात एकच हां. जागा येगळी." मग माझ्या भाजीत बोट बुडवून तो किनाऱ्याचा नकाशा टेबलावर काढायचा. माझी भाजी अशी मालवणपासून जयगडपर्यंत पसरायची.

आमच्या स्टोअरकीपर गोसाव्याला हे थोतांड वाटे. एकदा तो रत्नागिरीला लग्नाला जाऊन आला आणि शिंप आणायची साफ विसरला. तांडेलला काय सांगणार? त्याने चाळीमागच्या परसातल्या तांडेलच्याच ढिगातून दोन शिंपा उचलल्या, सुतळीने जोडीने बांधल्या आणि मोठ्या ऐटीत त्याच्या हातात ठेवल्या. तांडेलने सुतळी सोडली, दोन्ही शिंपा उलटसुलट केल्या आणि शांतपणे म्हणाला, "गोसावीनु, ह्या दोघांचा लगीन कोणी लावल्यान? घोव वेंगुर्ल्याचो, बाईल जयगडची. आणि दोघांय माझ्याच ढिगातली."

गोसावी पुढे बरेच दिवस जेवायला दुसऱ्या टेबलावर बसत होता.

कामातही तांडेल असाच. वाफेचा पाइप कुठे गळतोय हे तो नुसत्या फुसफुशीवरून सांगे. साहेबाने त्याला कायम केलं ते पहिल्या झटक्यात. पहिली काही वर्षं चाळीत दुसऱ्यांच्या खोलीत पडून नि खाणावळीत जेवून काढल्यावर स्वतःची खोली मिळाली तशी त्याने गावाहून बायकोला आणलं. आणि तिथून आमच्या जिवाला घोर लागला. कारण आणतानाच त्याने सगळ्यांदेखत जाहीर करून टाकलं, "शिमग्यापर्यंत बघतंय. तिचो जीव हय लागलो तर बरा. नाय तर राजीनामो."

कायमची नोकरी सोडून हा परत होडीवर जाणार. आम्ही सगळ्यांनी समजावून पाहिलं. तो ऐकेना. "भाऊ, आमच्या बापाशीन एकदा खाडीतली कालवां दगडासकट उचलून उघड्या बंदरार ठेवल्यान. वरसान बघलंव तर बिजागरीकडे जुनो आकार, कडेक नवो. म्हणजे जीव बदलता. पण सगळीच कालवां जगली नाय." एवढं बोलून तो शिंपा रुमालात गुंडाळायचा.

रोज संध्याकाळी तो एखादी शिंप बायकोपुढे धरायचा आणि तिचा चेहरा बघत बसायचा. वहिनी "बरी आसा" म्हणून भाकरी थापायला वळायच्या. तेवढ्यावर तांडेल दुसऱ्या दिवशी मला सांगे, "बघलात? सुकत चल्ली ती."

शिमगा आठवड्यावर आला तेव्हा तो कोरा कागद घेऊन माझ्याकडे आला. माझं अक्षर बरं, म्हणून राजीनामा मी लिहायचा. मी कागद ठेवून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी तो पाळीवर गेल्यावर त्याच्या दारात गेलो. म्हटलं, वहिनींच्या हातापाया पडू, पण हा फिटर हातचा जाऊ द्यायचा नाही.

दारात चऱ्होलीची पारूबाई दुधाची चरवी घेऊन उभी होती आणि वहिनी कमरेवर हात ठेवून तिला तिच्याच बोलीत सुनावत होत्या, "व्हय गं पारूबाय, कालचं दूध पानचट हुतं. म्हशीला इंद्रायणीत बसवूनच काढलंस जणू."

"न्हाई वं बाई," पारूबाई हसत म्हणाली, "तुमची जीभ लई तिखाट हाय."

सुकत चाललेली बाई ती हीच का, मला कळेना. पारूबाई गेल्यावर मी राजीनाम्याचं सांगितलं. वहिनी उंबऱ्यावर बसल्या.

"माका खंय जावचा नाय, भावजी. हय माका बरा वाटता. जीव लागत नाय तो तेंचो. घास हातात धरून बसतत, नळ सुटलो तरी समुद्राचो आवाज म्हणान कान देतत. माझ्या नावान रडतत ते."

"मग तुम्ही सांगत का नाही त्याला?"

"सांगलंय तर मगे कोणाच्या नावान गावाची आठवण काढतले? कारखान्यात दादा माणूस म्हणान फिरतत. तेवडा रवांदे तेंका." पदराने हात पुसत त्या म्हणाल्या, "तुमी कागद लिवा नकात. आज मीच रडतंय जरा."

दुसऱ्या दिवशी तांडेल आला तो घाईत. "राजीनामो रवांदे. रजेचो अर्ज लिवा. काल रडली हो ती. म्हणता, वरसातून एकदा शिमग्याक गावाक न्हेवा, मगे हय कायमची रवतंय. काय करतलंय भाऊ, बाईलमाणूस. समुद्राबगर तिचा चलत नाय." बोलताना तो रुमालातली शिंप सारखी चोळत होता. मी मान वर न करता अर्ज लिहिला. कारण म्हणून 'पत्नीची प्रकृती' असं टाकलं. खोटं लिहिल्याचा मला आजवर पश्चात्ताप झालेला नाही. त्या माणसाविषयी माझ्या मनात आदर होताच, त्या दिवसापासून त्या बाईविषयी तो जास्त झाला.

त्यांना पोचवायला मी पुण्याच्या स्टँडवर गेलो. या खेपेला वळकटी मी उचलली. गाडीत चढून बघतो तर तांडेल खिडकीशी बसून आत्तापासूनच बाहेर डोळे लावून होता, आणि वहिनी सगळी बोचकी मांडीवर घेऊन आतल्या बाजूला अंग चोरून बसलेल्या.

"वहिनी, खिडकीशी तुम्ही बसा ना," मी म्हटलं.

त्यांनी नवऱ्याच्या पाठीकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "बसांदेत तेंका. समुद्र पयलो तेंकाच दिसांदेत."