मार्था शेकरूची आठ नाचांची माळ

मी सांगते त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. गेल्या नाताळात ठेवला नाही, त्याच्या आदल्या नाताळातही नाही. म्हणून या खेपेला गोष्ट करून सांगते. मुलांनो, मांडी घाला आणि मध्ये बोलू नका.

एका जंगलात नाताळ जवळ आला होता. जंगलात वीज कुठून आली, असं विचारू नका. आली होती.

त्या जंगलात मार्था नावाची शेकरू राहायची. आंब्याच्या शेंड्यावर तिचं काटक्यांचं नि सुक्या पानांचं घरटं, आत दोन पिल्लं. नाताळच्या संध्याकाळी मनवेल अस्वल गाणाऱ्यांची टोळी घेऊन घरोघर फिरायचं. उजेड दिसेल तिथेच थांबायचं. गेल्या वर्षी मार्थाकडे अंधार होता. टोळी खालून निघून गेली. पिल्लं दारात वाट बघत झोपली. मार्थाला ते फार लागलं होतं.

"यंदा टोळी माझ्या घराखाली थांबलीच पाहिजे," म्हणत ती पास्कू कोल्ह्याच्या दुकानात गेली.

पास्कूने दिव्यांची एक माळ लावून दाखवली. "आठ प्रकारे नाचते, मार्थाबाय. हा सापाचा नाच, हा मोराचा."

मार्था हरखली. त्या जंगलात माळ अशीच घ्यायचे. नाच मोजायचे, पिशवी उचलायची, घरी जायचं.

दुकानात फिलू टिटवी उभी होती. तोंडाची तिखट.

"मार्था, वायर बघ. माझ्या पायाहून बारीक. जोड चिकटपट्टीचे. खोक्यावर छपराखाली दिवा काढलाय, म्हणजे ही घरात लावायची. बाहेरच्या माळेला जाड वायर लागते, जोड बंद लागतात. पास्कू, ही पाण्यात बुडवून दाखव."

"फिलूबाय, माळ काय खारी आहे, चहात बुडवायला? आणि डिसेंबरात कुठला आलाय पाऊस?"

"दव पडतं ना."

"दवाने भिजून कोण मेलंय?"

सगळे हसले. फिलूने विचारलं, "जाड वायरची आहे का तुझ्याकडे?"

"आहे, मागे पडलीय. पण ती नुसता उजेड देते."

"मग नको," मार्था म्हणाली. "आणि फिलू, तू ओरडलीस की वाईट होतं म्हणतात. सणासुदीचं तोंड बंद ठेव."

तीन दिवस माळ घरट्याच्या बाहेरून नाचली. फिलू दिसली की पिल्लंसुद्धा विचारायची, "मावशी, दव आलं का गं?"

दव येत होतं. रोज पहाटे, एकेका जोडात, थेंब थेंब.

नाताळची संध्याकाळ झाली. मार्थाने पिन खुपसली. चर्र झालं. जळका वास आला. जोडातून ठिणगी उडाली ती थेट पानांत. खाली गवतात बसलेल्या फिलूने ती आधी पाहिली. "टिटिव, टिटिव. मार्था, पिल्लं काढ."

मार्थाने एक पिल्लू तोंडात धरून शेजारच्या झाडावर नेलं. मग दुसरं. मागे वळली तोवर घरटं भडकलं होतं.

तेवढ्यात टोळी आली. मनवेलने वर बघितलं. "बघा, यंदा मार्थाने काय रोषणाई केलीय."

टोळी थांबली. दोन गाणी पूर्ण म्हटली. तिसऱ्याला मनवेलच्या डोक्यावर पेटती काटकी पडली, तेव्हा सूर बिघडला.

दुसऱ्या दिवशी सभा बसली.

पास्कू म्हणाला, "खोक्यावर चित्र आहे. मी काय लपवलं?"

मार्था म्हणाली, "मी तर सगळं तपासून घेतलं होतं. आठच्या आठ नाच होते."

मनवेलने डोक्यावरचा फोड कुरवाळला. "तीन दिवस माळ चांगली चालली. चौथ्या दिवशी नवीन काय झालं?"

सगळ्यांनी विचार केला. चौथ्या दिवशी टिटवी ओरडली होती.

"पण आधी ओरडली की आधी पेटलं?" एका म्हाताऱ्या कासवाने विचारलं. त्याला खाली बसवलं.

सभा सुटल्यावर मार्था पास्कूकडे गेली. नव्या घरट्यासाठी तिने नवी माळ आणली. बारा नाचांची.

तात्पर्य: मुलांनो, घराबाहेर माळ लावायची असेल तर वायर बघू नका, जोड बघू नका, खोक्यावरचं चित्र तर मुळीच नको. नाच तेवढे मोजा, आणि सावध करणाऱ्याला आसपास फिरकू देऊ नका. एवढं करून घर पेटलंच, तर दोषी शोधत हिंडायची गरज नाही. नाव सभेत ठरलेलं आहे: फिलू टिटवी.