एकसारखी मदत

अमरावतीच्या धम्मदीपला आपल्या एडिटरचा भारी अभिमान होता. इंग्रजी अक्षरं दाबली की पडद्यावर मराठी उमटायची. दोन वर्षं खपून त्याने तो बनवला होता. त्यातलं मदतीचं पान तेवढं गचाळ होतं. एका ओळीत ‘Ctrl+K’, दुसरीत ‘ctrl-k’, तिसरीत ‘कंट्रोल के’. हात जसा चालला तसं लिहिलेलं. शनिवारी सकाळी त्याने बैठक मारून झाडून सगळी इंग्रजी अक्षरं मोठी, कॅपिटल केली आणि ते पान अकोल्याला किसनरावांकडे धाडलं. सोबत निरोप होता, "काका, आता कोणाले काही विचारायचं काम नाही. मदत वाचा अन् लिहिलं तसंच दाबा."

किसनराव म्हणजे जठारपेठेतल्या दीक्षाचे वडील. सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं इंग्रजी टाईपरायटर बडवलेला माणूस. आता ते याच एडिटरवर आत्मचरित्र लिहीत होते आणि सत्तर पानं झाली होती. धम्मदीपने दीक्षाला मागणी घातली तेव्हा ते म्हणाले होते की पोरगा बोलण्यावरून नाही, कामावरून पाहू. थोडक्यात, परीक्षा एडिटरची होती आणि लग्न धम्मदीपचं.

दुपारी फोन आला. किसनरावांचा आवाज अगदी शांत होता. एक ओळ काढायला गेलो आणि सत्तरही पानं गेली, असं ते म्हणाले.

एडिटर दर दहा मिनिटांनी आपोआप सेव्ह करायचा. कोरं पान एकदा सेव्ह झालं की मागचं परत आणणं ब्रह्मदेवाच्या बापालाही जमलं नसतं. ही सोयसुद्धा धम्मदीपचीच. हातात आठ मिनिटं होती.

"काका, कंट्रोल Z दाबा, गेलेलं परत येते. मदतीत लिहिलं हाये तसं."

"दाबलं. काही नाही आलं."

पुन्हा दाबलं, तरी नाही. दहा वेळा दाबून झालं. मी पाहू का, असं मागून दीक्षा म्हणाली, तर टाईपिंगमध्ये मला कोणी शिकवायचं नाही म्हणून त्यांनी तिला दटावलं. धम्मदीपने आपल्या मशीनवर करून पाहिलं. इथे तर सगळं ठणठणीत. मग अकोल्याच्या Z ला काय धाड भरली होती? दोन मिनिटं उरली.

"काका, कोणतं बोट कुठं हाये, तेवढं सांगा."

"डावी करंगळी कंट्रोलवर. उजवी शिफ्टवर."

"शिफ्टवर काहून?"

"तुया मदतीत Z मोठा हाये. मोठं अक्षर शिफ्टशिवाय निघते काय?"

आता धम्मदीपच्या डोक्यात प्रकाश पडला. शिफ्टसकट K म्हणजे एक ओळ नाही, अख्खा मजकूर साफ. शिफ्टसकट Z म्हणजे घालवलेलं पुन्हा घालवा. म्हातारा लिहिल्याबरहुकूम वागला होता. अक्कल लिहिणाऱ्याची कमी पडली होती.

"शिफ्ट सोडा काका. नुसता Z."

फोनमधून कळ दाबल्याचा आवाज आला.

"आलं," किसनराव म्हणाले. मग हळूच पुढे म्हणाले, "दीक्षाची माय होती रे त्या पानांत."

धम्मदीपला रडू येत होतं आणि स्वतःची लाजही वाटत होती.

संध्याकाळच्या आत त्याने मदतीतली झाडून सगळी अक्षरं लहान केली. एकही मोठं ठेवलं नाही. वर ठळक ओळ टाकली, ‘लिहिताना अडलात तर f1 दाबा’, म्हणजे सगळ्यात वरच्या रांगेतली F1 छापलेली मदतीची कळ, आणि पान अकोल्याला धाडलं.

सोमवारी दीक्षाने पडद्याचा फोटो पाठवला. बाबा तुम्हाला लग्नाचा निर्णय लिहीत आहेत, एका शब्दापाशी तासभर अडले आहेत, तो शब्द सांगत नाहीत आणि मला हात लावू देत नाहीत, असं तिने कळवलं होतं. फोटोत एकच ओळ होती.

‘मुलगा आम्हाला फ१फ१फ१फ१फ१’

पसंत की नापसंत, हे फोनवर विचारायची धम्मदीपची छाती झाली नाही. त्याने अकोल्याची बस धरली आणि मूर्तिजापूर येईपर्यंत मदतीतलं एक अक्षर तेवढं मोठं केलं.