चौदावं पाकीट

रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी सौदीतल्या खमीस मुशैतमधल्या एका भारतीय शाळेत पाचवी 'ब'च्या अठ्ठावीस मुलींना वर्गाबाहेर उभं करण्यात आलं. कारण वास.

वास तीन आठवड्यांपासून येत होता, म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हापासून. मुलींचा विभाग असल्यामुळे खिडक्यांना दुधी काच होती आणि त्या कायमच्या बंद. आधी उंदीर मेला असावा म्हणून कपाट ओढून पाहिलं. मग गालिचा धुतला. एसीवाला जाळी साफ करून गेला आणि जाताना नाकाला रुमाल लावून गेला. डबे तपासले, त्यांत ब्रेड-जॅम आणि पराठे निघाले. पालकांच्या परवानगीशिवाय दप्तरं उघडायची नाहीत असा शाळेचा नियम होता. शिवाय सगळी दप्तरं वर्गातल्या मागच्या फळ्यांवर एकमेकांना चिकटून ठेवलेली असायची, त्यामुळे कुणा एकीकडे बोट दाखवायची सोय नव्हती. शेवटी अनिता टीचरनी निष्कर्ष काढला की कुणीतरी हे मुद्दाम करतंय, आणि जी कोण असेल तिने पुढे यावं असं सांगितलं. कुणी आलं नाही. तेव्हा ती पुढे येईपर्यंत मधल्या सुट्टीत अख्खा वर्ग उभा राहील आणि गुरुवारची डोंगरावरची सहल अख्ख्या वर्गाला बंद, असा निकाल लागला.

हा निकाल मोहियुद्दीनला संध्याकाळी पाच वाजता ताटावर कळला. मोहियुद्दीन मूळचा म्हसळ्याचा. गेली अकरा वर्षं तो इथल्या एका बांधकामावर सेफ्टी सुपरवायझर होता आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीला नियम असतो यावर त्याचा विश्वास होता. समोर तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी होती. खमीस डोंगरावरचं गाव, समुद्र चार तास खाली, म्हणून या घरात ताज्या मासळीऐवजी वर्षभर गावाहून आणलेल्या सुक्या जवळ्यावर भागायचं.

"पप्पा, ट्रिप कॅन्सल," दुआ म्हणाली. तिने सहलीचे बूट आठवडाभर आधीच दाराशी काढून ठेवले होते. "आय डिडन्ट डू एनीथिंग."

"मग तुला कशाला शिक्षा?"

"मिस बोलती हैं, क्लास एक फॅमिली है."

मोहियुद्दीनने घास खाली ठेवला. एकीने चूक करायची आणि अठ्ठावीस जणींनी भोगायची, हा कुठला इन्साफ, असं तो म्हणाला. चौकशी करायचा कंटाळा आला की माणूस सगळ्यांना उभं करतो, असंही म्हणाला. त्याची बायको शरफुन्निसा तोवर जवळ्याच्या बरणीत डोकावून पाहत होती. तिच्या डोक्यात वेगळीच चौकशी चालू होती.

"चौदा पाकिटं भरली व्हती मी. इथं तेरा निघाली," ती म्हणाली. "तुमच्या बहिणीनं एक काढून घेतलंन. मी बोलत नाय म्हणून."

हे ती तीन आठवडे रोज बोलत होती. मोहियुद्दीनने नेहमीप्रमाणे ऐकलं नाही. तो अर्ज लिहायला बसला.

अर्ज त्याने साइटवरच्या अपघाताच्या अहवालासारखा लिहिला, कारण दुसरा नमुना त्याला ठाऊक नव्हता. मूळ कारण शोधावं, हे पहिलं कलम. प्रत्येक दप्तर वेगवेगळं तपासावं आणि त्याला पालकांची परवानगी समजावी, हे दुसरं. जी दोषी सापडेल तिला एकटीला शिक्षा करावी आणि बाकीच्यांना सोडावं, हे तिसरं. एवढ्यावर अर्ज चांगला होता. पण मोहियुद्दीनला पळवाटा बुजवायची सवय होती. म्हणून त्याने चौथं कलम घातलं की तपासणीआधी कुणीही दप्तर बदलू नये किंवा धुऊ नये, आणि तसं केल्यास तोच गुन्ह्याचा पुरावा मानावा. पालकांच्या ग्रुपवर एकोणीस वडिलांनी होकार दिला. एकाने चौथ्या कलमाची खास तारीफ केली.

सोमवारी अर्ज गेला. मंगळवारी सकाळी प्रिन्सिपल मॅडमचा फोन आला. इतका मुद्देसूद अर्ज आपल्याला आजवर कुणी दिला नव्हता, असं त्या म्हणाल्या. बुधवारी सकाळी दप्तरं तपासू, तुम्ही पालकांतर्फे हजर राहा, आणि दोषी मुलगी सोडून बाकीचा वर्ग गुरुवारी सहलीला जाईल, असं ठरलं. मोहियुद्दीनने ही गोष्ट दहा वाजायच्या आत सगळ्या साइटला सांगितली. तिथेच थोडी गैरसोय झाली.

साइटवर त्याने स्वतः बसवलेला एक नियम होता. गँगमधला एक जरी माणूस हेल्मेटशिवाय दिसला, तरी त्या गँगचा दहाचा चहा बंद. त्या दिवशी क्रेनला ओझं बांधणाऱ्या, बाबाजी नावाच्या वयस्कर रिगरने डोकं खाजवायला हेल्मेट काढलं आणि नऊ माणसांचा चहा गेला. त्या नवांत पंकज होता. पंकज चिपळूणकडचा वेल्डर, बोलायला हळू आणि लक्षात ठेवायला पक्का.

"मोहियुद्दीनभाई, तो शाळेचा अर्ज जरा द्या," तो म्हणाला. "नावं बदलून आम्ही पण देतो."

"साइट वेगळी, शाळा वेगळी."

"कशी?"

मोहियुद्दीनने समजावलं. हेल्मेट नसलं तर माणूस मरतो. सगळ्यांचा चहा जाणार म्हटलं की सगळे एकमेकांच्या डोक्यांकडे बघतात. हा नियम केल्यापासून एकाचंही डोकं फुटलेलं नाही, हे खरंच होतं आणि पंकजने ते मान्यही केलं.

"म्हणजे पोरींनी पण एकमेकींची दप्तरं हुंगायला पायजेत," तो म्हणाला. "मग मास्तरीण बरोबर."

मोहियुद्दीनने घड्याळ पाहिलं आणि दुसऱ्या मजल्यावर काम आहे असं सांगितलं. दुसऱ्या मजल्यावर त्या दिवशी कुणीच नव्हतं.

त्याच संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर शरफुन्निसाचा संयम संपला. तिने म्हसळ्याला नणंदेला फोन लावला आणि स्पीकर चालू ठेवला, म्हणजे नवऱ्यालाही आपल्या बहिणीचं वागणं ऐकू जावं. आधी हवापाणी झालं, मग तब्येती झाल्या, आणि मग पाकीट निघालं. नणंदेचं नाव आलिमा. ती शांतपणे ऐकून घेत होती.

"भाबी, चौदावं तुम्हीच दुआच्या दप्तरात घातलाव," ती म्हणाली. "तळाच्या पुठ्ठ्याखाली, सपाट करून. मी पुठ्ठा धरून व्हते. भाई बोलला ना, सामानाचं वजन भरलाय, पोराचं दप्तर विमानतळावर कोण तोलत नाय."

 दुआ दप्तर घेऊन आली.

पुठ्ठा उचलला तर पाकीट होतं. मेणबत्तीवर चिकटवलेलं तोंड शाबूत होतं, पण कर्कटकाचं टोक पुठ्ठ्यातून आरपार जाऊन मधोमध भोक पडलं होतं आणि जवळा अस्तरभर पसरला होता. मोहियुद्दीनने नाक जवळ नेलं. त्याला काही वेगळं जाणवलं नाही. दुआलाही नाही. बाकीच्या सत्तावीस मुलींना तीन आठवडे ज्या वासाने हैराण केलं होतं, तो या घरात घराचाच वास होता.

शरफुन्निसाने चिमूटभर जवळा तोंडात टाकला. "चांगला हाय," ती म्हणाली. "कुरकुरीत."

मोहियुद्दीन खुर्चीवर बसला. दप्तर धुवावं तर चौथं कलम. नवीन आणावं तरी चौथं कलम. पाकीट नुसतं काढून घ्यावं तर अस्तरातला जवळा चिमट्याने वेचावा लागणार होता, आणि वास त्यानेही जाणार नव्हता. उद्या सकाळी त्याच्याच मागणीवरून, त्याच्याच समोर, त्याची मुलगी सापडणार होती आणि एकटी मागे राहणार होती. दुआने दाराशी ठेवलेल्या बुटांकडे पाहिलं.

"पप्पा, पनिश तो एक को ही करना है ना? आपने लिखा," ती म्हणाली. "तो किसको? मैंने तो रखा नहीं. मम्मीने रखा. आयडिया आपका था."

मोहियुद्दीनने दुसरा अर्ज लिहायला घेतला. सामुदायिक शिक्षेमुळे मुलींमध्ये एकोपा वाढतो, एवढं पहिलं वाक्य झालं. ते शरफुन्निसाने खांद्यावरून वाचलं आणि एकोणीस वडिलांचा होकार परत मिळणार का, एवढंच विचारलं. त्याने वाक्य खोडलं. अर्ज मागे घेतो असं सकाळी तोंडी सांगायचं ठरलं. पाकीट होतं तिथेच राहू द्यावं, पुराव्याला हात लावू नये, असं मोहियुद्दीनचं मत पडलं. शरफुन्निसाने त्यातला अर्धा जवळा बरणीत ओतून घेतला. अर्धा पुराव्याला पुरेल, असं ती म्हणाली.

बुधवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मोहियुद्दीन कामाच्या कपड्यांत, हेल्मेट काखेत मारून, दुआला घेऊन प्रिन्सिपल मॅडमच्या खोलीत शिरला. गाडीत त्याने अर्ज मागे घेण्याचं इंग्रजी वाक्य सहा वेळा म्हणून पाहिलं होतं. पण खोलीत आधीच एक मुलगी उभी होती. दुआच्या वर्गातली नबीला. डोळे लाल.

मॅडम खुशीत होत्या. दप्तरं तपासायची गरजच उरली नाही, असं त्या म्हणाल्या. काल तपासणीची सूचना गेली आणि आज सकाळी ही मुलगी आपण होऊन आली. अंड्याचं सँडविच दप्तरात विसरले होते, असं तिने कबूल केलंय. आता तुमच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे ही एकटी सहलीला जाणार नाही. बाकी सत्तावीस जातील.

मोहियुद्दीनने वाक्य गिळलं. नंतर त्याने शरफुन्निसाकडे कबूल केलं की साधारण अर्धं मिनिट आपण गप्प उभे होतो आणि त्या अर्ध्या मिनिटात आपल्याला फार हलकं वाटलं. गप्प राहिलं की सगळं मिटत होतं. दप्तर घरी नेऊन धुता येणार होतं. दुआ सहलीला जाणार होती.

"मॅम, नबीला झूठ बोल रही है," दुआ म्हणाली. "उसको अंडा पसंद ही नहीं."

नबीला रडायला लागली. तिने अंडं कधीच आणलं नव्हतं. एकीने तरी हो म्हटलं की बाकीच्यांना जायला मिळेल, म्हणून ती आली होती. इतक्या लहान मुलीने एवढा हिशेब केला आणि आपण चार कलमं लिहूनही तो केला नाही, हे मोहियुद्दीनच्या ध्यानात आलं. त्याने हेल्मेट खुर्चीवर ठेवलं.

"मॅडम, मेरी बेटी के बॅग में जवला है," तो म्हणाला.

मॅडम लखनौकडच्या. जवळा म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. मोहियुद्दीनने समजावून पाहिलं. छोटी मच्छी, म्हणजे मच्छी नाही, झिंगा, पण झिंग्यापेक्षा लहान, सुकवलेला. मॅडमनी दुआचं दप्तर टेबलावर घेतलं, पुठ्ठा उचलला आणि लगेच परत ठेवला. त्यांना समजलं होतं.

हे कुणी ठेवलं, असं त्यांनी विचारलं. बायकोने, असं त्याने सांगितलं. सांगितलं कुणी? मोहियुद्दीनने खोटं न बोलता म्हटलं, मी. मॅडमनी अर्ज समोर ओढला आणि तिसरं कलम सावकाश वाचलं. दोषी असेल त्याला एकट्याला. मग त्या म्हणाल्या की पालकांना शिक्षा करायची तरतूद शाळेच्या नियमांत नाही. एका वासासाठी आता आपल्याकडे एक खोटा कबुलीजबाब आणि एक खरा आहे, आणि खरा देणारा इथला विद्यार्थी नाही. कमिटीला विचारावं लागेल, दुपारपर्यंत कळवू. तोवर मुलींनी वर्गात जावं आणि पालकांनी ऑफिसबाहेर थांबावं.

तो थांबला. सव्वाआठला पाचवी 'ब' रांगेने समोरून गेली. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, कारण शिक्षा झाल्यासारखा उभा असलेला मोठा माणूस त्यांनी आधी पाहिला नव्हता. दुआ आणि नबीला एका ओळीत होत्या. दोघींपैकी दप्तर फक्त नबीलाकडे होतं. नऊनंतर शिपायाने सांगितलं की मॅडम मीटिंगला गेल्या, तुम्ही जा, फोन येईल.

दहाला दोन मिनिटं कमी असताना मोहियुद्दीन साइटवर पोचला. पंकजची गँग सावलीत किटलीभोवती बसली होती. नऊच्या नऊ डोक्यांवर हेल्मेटं होती. बाबाजीने तर हनुवटीखालचा पट्टाही आवळला होता. नऊ जणांनी मोहियुद्दीनच्या डोक्याकडे पाहिलं. मग त्यानेही हात वर नेऊन पाहिलं. हेल्मेट शाळेत, खुर्चीवर होतं.

 पंकजने किटलीचं झाकण परत लावलं.

"भाई, एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "तुम्ही आमच्या गँगमधले, की बाहेरचे?"

मोहियुद्दीन उत्तर द्यायला बसला. आत म्हटलं तर नऊ माणसांचा चहा जात होता. बाहेर म्हटलं तर रोज सकाळी त्यांना 'आपण सगळे एक' असं सांगणारा तोच होता. बाबाजीने पेपर कप एकात एक घालून ठेवले आणि वाट पाहत राहिला.

चहाची सुट्टी पंधरा मिनिटांची. दहा वाजून बारा मिनिटं झाली तेव्हा किटली भरलेलीच होती, प्रश्न तसाच होता आणि शाळेतून फोन आलेला नव्हता.