बिनपाटीचं ऑफिस

ज्या कार्यालयाला लपवण्यासारखं काही नसतं, त्याला पाटी असते. जनावरांच्या दवाखान्याला असते, भूमी अभिलेखला असते. राष्ट्राच्या सुरक्षेशी ज्याचा संबंध येतो, त्याला मात्र पाटी नसते. सांगलीत विश्रामबागेला असं एक कार्यालय आहे. पाटी नसल्यामुळे ते सापडायला काहीच त्रास होत नाही. रिक्षावाल्याला 'बिनपाटीचं ऑफिस' एवढं म्हटलं की तो थेट गेटासमोर नेऊन सोडतो.

माझी चौतीस वर्षं तहसील कचेरीत कारकुनी करण्यात गेली, त्यामुळे गोपनीयतेबद्दल मला मनापासून आदर आहे. (आमच्याही काही फायली इतक्या गोपनीय होत्या की त्या आम्हालाही कधी सापडल्या नाहीत.) म्हणून माझा भाचा विश्वजित या ऑफिसात लागला तेव्हा मला अभिमान वाटला. तो तिथं काय करतो हे त्यानं आठ वर्षांत कुणालाही सांगितलेलं नाही. शपथच आहे तशी.

आता सरकार जे झाकतं, ते उघडं करून बघायची जबाबदारी जनतेवर येते. आमच्या उंब्रजमध्ये ही जबाबदारी सलूनच्या बाकड्यावर पार पाडली जाते. त्या ऑफिसात काय दडवलंय, याबद्दल मी पन्नास इसमांची मतं घेतली. तेवीस जण म्हणाले, आपले फोन ऐकतात. नऊ जणांच्या मते उसाचा खरा साखर-उतारा तिथं कुलपात आहे. सहा जणांनी किल्ल्यावरच्या भुयाराचा नकाशा सांगितला. उरलेले बारा जण म्हणाले, "फोनवर नको, भेटून सांगतो." (ते माझ्या समोरच बसले होते.)

बहुमताचा मान राखून गावात एक नवी पद्धत पडली. महत्त्वाचं बोलायचं झालं की फोन तांदळाच्या डब्यात. तांदळातून आवाज जात नाही, असं एका व्हिडिओत सांगितलं होतं. शेजारच्या कृष्णातनं तर आजारी म्हैस कुठल्या डॉक्टरला दाखवायची, हेसुद्धा डब्याला झाकण लावून ठरवलं.

इथवर सगळं शिस्तीत होतं. घोडं अडलं ते विश्वजितच्या लग्नापाशी.

मुलीकडचे तीनच गोष्टी विचारतात. नोकरी आहे का, सरकारी आहे का, आणि नोकरीत करतो काय. पहिल्या दोन्हीला विश्वजित पैकीच्या पैकी. तिसऱ्याला छताकडं बघायचा. अकरा स्थळं गेली. काहींना वाटलं, पोरगा थापा मारतोय. दोन ठिकाणी तर मुलीच्या बापानं, कुणी काही विचारायच्या आत, शेजाऱ्याचा बांध कोरल्याचं कबूल करून टाकलं.

बारावं स्थळ खंडाळ्याचं. मुलगी अपेक्षा, शाळेत शिक्षिका. पोहे खाऊन अर्धा तास झाला तरी ही दोघं गच्चीतून खाली यायला तयार नव्हती, यावरून काय ते समजा. पण तिची आजी अंबूबाई खमकी. ती म्हणाली, "पोरगं गुनाचं हाय. पन करतंय काय, ते कळल्याबिगर सुपारी फुटायची न्हाई."

माझी बहीण मनुबाई रडकुंडीला आली. "सांग की रं बाबा त्येस्नी. बत्तीस पुरी झाली तुला."

"आई, सांगितलं तर नोकरी जाईल. मग बिननोकरीच्याला कोण पोरगी देतंय?" विश्वजित म्हणाला आणि ताटावरून उठला.

मी रीतसर अर्ज केला. फक्त भावी सासरच्या मंडळींपुरतं कामाचं स्वरूप सांगायची परवानगी मिळावी. सत्तेचाळीस दिवसांनी उत्तर आलं : "आपण नमूद केलेले कार्यालय अस्तित्वात नाही. तथापि, अर्ज तीन प्रतींत नसल्याने परत करण्यात येत आहे." सही होती, जावक क्रमांक होता. अस्तित्वात नसताना इतकं चोख काम करणारं कार्यालय मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

अंबूबाईनं अर्ज केला नाही. मुलगी द्यायच्या आधी चौकशी करायची आमच्याकडची जुनी रीत आहे, आणि ती फोनवर होत नाही. पोराच्या ठिकाणी जायचं, सावली बघून टेकायचं, प्यायला पाणी मागायचं, आणि पाणी देणाऱ्याला विचारायचं, "गाव कंचं म्हनायचं तुमचं?"

मंगळवारी साडेदहाला ती एसटीनं येऊन गेटापाशी बसली. पाणी पहारेकऱ्यानं दिलं. तानाजी त्याचं नाव, पलटणीतून निवृत्त झालेला. सव्वाअकराला तो तिच्या चुलत नणंदेच्या दिराचा साडू निघाला. पाव्हणीला उन्हात कसं बसवायचं, म्हणून साडेअकराला ती आत. (नोंदवहीत नोंद नाही, कारण नोंद बाहेरच्यांची होते, घरच्यांची होत नाही.) त्या दिवशी विश्वजित मिरजेला टपाल द्यायला गेला होता, नाहीतर लाजेनं मेला असता. एक वाजता डबे उघडले. अंबूबाईनं शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी सोडली. ऑफिसच्या साहेबांनी चटणी दोनदा घेतली आणि म्हणाले, "आजी, तुम्हाला म्हणून सांगतो..."

संध्याकाळी मनुबाईच्या घरात अर्धं उंब्रज जमलं. रिवाजाप्रमाणे फोन डब्यात गेले. एकवीस फोन झाले, तांदूळ पुरेना, शेजारून आणावा लागला. अंबूबाईनं सगळ्यांवर नजर फिरवली.

"ऐकत्यात. तुमचं समद्यांचं ऐकत्यात. ह्यो तुमचा विश्वजितच कानाला लावून बसतोय."

विश्वजित पांढराफटक पडला. कृष्णातनं डब्याचं झाकण घट्ट दाबलं. "आन मग?"

"मग काय? तुमी बोलताय तरी काय? 'जेवलास का?' 'व्हय.' 'पाऊस हाय का तिकडं?' 'न्हाई.' 'बरं, ठेव मग.' सांजच्याला पोरगं वहीत लिवतंय, निरंक. कायबी न्हाई. आठ वर्सं झाली, रोज निरंक!"

"हेच झाकून ठेवलंय व्हय?" मी विचारलं.

"हेच. सायब म्हनला, लोकांस्नी कळलं की भ्या जातंय. आन भ्या गेलं की हापिस जातंय."

मग ती विश्वजितकडं वळली. "आठ वर्सं दोन जिल्ह्यांच्या घरातलं ऐकलं ह्येनं, आन आईला म्हनून सांगितलं न्हाई. आमच्या म्हाताऱ्याला सकाळी काय बोललं की दुपारी पारगावापतुर जायचं. असला नवरा दिवा लावून हुडिकला तरी गावायचा न्हाई. फोडा सुपारी!"

सुपारी फुटली. मनुबाई एकाच वेळी रडली आणि हसली, विश्वजितला तर पायात चपला कुठल्या घालायच्या ते कळेना. पण गाव मात्र उदास झालं. कृष्णातनं फोनवरचे तांदूळ पुसले. "म्हंजे माझं ऐकून बी कायच न्हाई, गड्या?"

रहस्य फुटल्याची ऑफिसात चौकशी झाली. चौकशी अधिकारी साहेबच. तीन आठवडे कसून तपास करून त्यांनी अहवाल दिला : निरंक. विश्वजितच्या नोकरीला धक्का लागला नाही.

लग्नात साहेब माझ्या शेजारी जेवायला होते. तिसऱ्या जिलेबीला मी हळूच माझ्या नावाचं विचारलं. ते म्हणाले, "नाना, तुम्हाला म्हणून सांगतो. निरंक." खरं सांगतो, वाईट वाटलं. चौतीस वर्षं मी फोनवर आवाज खाली ठेवून बोललो होतो.

आणि हो, वाचकहो, तुमचंही विचारलं. फोनवर बोलता बोलता तुम्हीही 'भेटून सांगतो' म्हणता, मला ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम विचारलं. साहेबांनी जिलेबी खाली ठेवून नीट आठवलं, आणि मान हलवली. निरंक.

पण काळजी करू नका. मी हे कुणालाही सांगितलेलं नाही. फक्त अंबूबाईला सांगितलं. ती म्हणाली, त्यांचं मला आधीच ठाऊक हाय.