सोफ्याचं नाव न घेता

जाहिरातीच्या ऑफिसात सगळे त्याला 'कवी' म्हणत, आणि त्याला ते कौतुक वाटे. त्यामुळे घरातला जुना सोफा विकायचं ठरलं तेव्हा जाहिरात कोण करणार, हा प्रश्नच नव्हता. बायको घरीच शिवणकाम सुरू करणार होती. रविवारी सुतार कापड बेतायचं मोठं टेबल आणणार होता, आणि घरात तर वीतभर जागा शिल्लक नव्हती.

"फोटो काढ, 'सोफा विकणे आहे' लिही. संपलं," बायको म्हणाली.

कवी कळवळला. "अगं, लोक सोफा घेतच नाहीत! सोफ्यावर बसून आपण किती सुखी दिसू, ते घेतात. चित्राने माणसाचा हात धरायचा, शब्दाने नुसतं दार उघडायचं. वस्तूचं नाव घेतलं की जाहिरात मेली!"

"मरू दे. रविवारपर्यंत सोफा गेला पाहिजे."

त्याने सोफा खिडकीशी ओढला, फाटक्या बाजूवर शाल टाकली आणि मुक्कामाला आलेल्या सासऱ्यांना वर बसवलं. हातात पुस्तक दिलं (उलटं, पण चष्मा नसल्यामुळे त्यांची तक्रार नव्हती). कोवळ्या उन्हात सासऱ्यांचा डोळा लागला आणि कवीने नेमका तोच क्षण टिपला. फोटोत सासरे पूर्ण आले, सोफा हातापुरता. खाली ओळ आली : 'आयुष्यभर धावलात. आता इथे या.' मग पत्ता, फोन नंबर, आणि जाहिरात परिसरातल्या लोकांच्या ग्रुपवर!

फोन लगेच खणखणू लागला.

"सासूबाईंना जरा कमी ऐकू येतं. चालेल ना तुमच्याकडे?"

"अहो, सोफा आहे तो!"

"तो असू दे. डॉक्टर रोज येतात का?"

पुढच्या बाईंनी आधी मोठा उसासा टाकला. "किती शांत चेहरा! कधी गेले हो?"

हे ऐकून बायकोने घोरणाऱ्या वडिलांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. कवीने फोनच बंद करून टाकला.

रविवारी सकाळी दारात एक निवृत्त स्टेशनमास्तर उभे. हातात कपड्यांची पिशवी, काखेत बुद्धिबळाचा पट. "मुलगा म्हणाला, आधी एक दिवस राहून बघा."

कवी खुलासा करणार, तोच आतून सासरे ओरडले, "या, या! पांढरी तुमची!"

आणि दोघं सोफ्यात जे रुतले, ते रुतलेच. थोड्या वेळाने सुतार टेबल घेऊन आला.

"बाबा, जरा उठता का?" कवी म्हणाला. "सोफा काढायचाय."

"एवढी निवांत जागा काढता?" सासरे भडकले. "जावईबापू, तुमचीच जाहिरात वाचली नाहीत का तुम्ही?"

"शह!" स्टेशनमास्तर म्हणाले.

दारात सुतार घाम पुसत होता. बायकोने खोलीभर नजर फिरवली. ती कोपऱ्यातल्या कवीच्या लिहायच्या टेबलावर थांबली. जाहिरातकलेवरचा त्याचा महान ग्रंथ याच टेबलावर लिहिला जाणार होता (लग्नाआधीपासून). तिने समोरून एक सरळ फोटो काढला आणि भराभर काहीतरी टाइप केलं.

"अगं, निदान एक ओळ तरी मी—"

"झालं लिहून."

ग्रुपवर आलं : 'लिहायचं टेबल विकणे आहे. कधीच वापरलेलं नाही.'

म्हाताऱ्यांचा दुसरा डाव मांडून होईपर्यंत टेबल गेलंसुद्धा. कवीने ती जाहिरात पुन्हा पुन्हा वाचली. ओळ फारच सपाट होती; पण खोडायला एकही शब्द सापडला नाही.