अप्पांनी न पाहिलेला राजस्थान

राजस्थानच्या सहलीचे सगळे फोटो मी स्वतःच्या बोटानं पुसून टाकले. मोबाइलमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून एक बटण दाबलं. मोबाइलनं विचारलं, 'खात्री आहे का?' जन्मभर वर्गात पोरांना 'नक्की ना?' असं दरडावत आलेल्या मास्तराला कुणी उलट विचारलं की राग येतो. मी ठणकावून 'हो' दाबलं. मग त्यानं कचऱ्याच्या डब्याचं विचारलं. मी स्वभावानं टापटीप. डबाही रिकामा केला.

एवढ्यावर निभावलं असतं. पण आदल्याच आठवड्यात, तुळजापुरात आमच्या वाचनालयाच्या सभेत, मी उभं राहून जाहीर केलं होतं की वार्षिक समारंभाला माझं राजस्थानचं प्रवासवर्णन तयार असेल. कुणी विचारलं नव्हतं. टाळ्या पडल्या, अध्यक्षांनी कार्यक्रमपत्रिकेत प्रकाशन घालून टाकलं आणि मी घरी येऊन कोरा कागद पुढ्यात ओढला. पहिलं वाक्य आलं : 'राजस्थान हा एक मोठा प्रदेश आहे.' दुसरं काही केल्या येईना. कारण जे काय पाहिलं ते मोबाइलनं पाहिलं होतं. मी नुसता त्याच्या मागे उभा होतो.

म्हणजे आता सहलेखक शोधणं आलं. घरात एक होता. सौ. सहलीला बरोबर होती.

"जरा आठव की, चित्तोडला काय काय होतं?"

"चित्तोडला मी दोनदा म्हटलं, अहो ते बघा. तुम्ही म्हणालात, मधे येऊ नकोस, फोटो बिघडतो. आता लिहा तसंच. बायको मधे आली नाही." मग भाजी निवडता निवडता तिलाच माझी कीव आली असावी. "अणदूरच्या अप्पांकडे जा. त्यांना सगळं माहीत आहे."

मी हसलो. कारण आमच्या बसमध्ये राजस्थान अजिबात न पाहिलेला माणूस कोण, असं विचारलं असतं तर सगळ्यांनी एकमुखानं अप्पांचंच नाव घेतलं असतं.

गुरुलिंगप्पा, म्हणजे आमचे अप्पा. सत्तरी ओलांडलेली, पांढरं धोतर, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे. अणदूरला त्यांचं किराणा दुकान होतं. ते सहलीला आले, पैसे आमच्याइतकेच भरले, आणि किल्ला असो की महाल, एकाही ठिकाणी आत गेले नाहीत. बस थांबली की ते आधी सावलीतली एखादी पायरी गाठायचे आणि हात पुढे करायचे. "आना हिकडं." मग पिशव्या, चपला, स्वेटर, पाण्याच्या बाटल्या, काठ्या, सगळं त्यांच्याभोवती रचलं जायचं. एकदा तर एका काकांनी दातांची कवळी ठेवायला दिली. अप्पांनी ती रुमालात गुंडाळून मांडीवर घेतली. सगळं मांडून झालं की म्हणायचे, "होगी बर्री." कानडीत, जाऊन या.

पण खरी गंमत परत आल्यावर. पिशवीला हात लावू द्यायचे नाहीत. आधी म्हणायचे, "हां, हेळ्री." सांगा. काय बघितलं ते सांगितल्याशिवाय कुणाला चप्पल मिळत नसे. उन्हात, तापलेल्या फरशीवर, एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत माणसं भराभरा राजपुतांचा इतिहास सांगत असायची.

दुसऱ्या दिवशी एसटीनं अणदूर गाठलं. अप्पा ओट्यावर बसले होते. माझी अडचण सांगितली तर मोबाइलचं ऐकून त्यांना जराही हसू आलं नाही, पण प्रवासवर्णन म्हणताच डोळे चमकले.

"लिवा. हवामहल. बाया म्हनल्या, लई देखना हाय. त्येंचे मालक म्हनले, नुसती भिंत हाय, मागं कायबी न्हाय. दोगंबी एकाच दारातनं आलते बगा."

मी लिहून घेतलं.

"उदयपूरचं तळं. पाटील म्हनले, पानी निळं. पाटलीनबाई म्हनल्या, हिरवं. तितंच जुंपली. चित्तोड येस्तोवर दोगं बोलत नव्हती."

"अप्पा, निळं की हिरवं, एक काहीतरी ठरवा. पुस्तकात घालायचंय."

"म्या कशाला ठरवू? म्या कुटं बगितलंय?"

मग जैसलमेरचा किल्ला आला. "एक मावशी आल्या. सांज झालती. सोन्यावानी दिसायलाय म्हनल्या आन् रडाया लागल्या. पुढं बोलताच येईना. म्या म्हटलं, असू द्या मावशी, कळलं. चप्पल देऊन टाकली."

मी लिहिता लिहिता थांबलो. हा किल्ला मी तब्बल तासभर चित्रित केला होता. सोन्याचं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"अप्पा," मी विचारलं, "एवढे पैसे भरलेत, एवढ्या लांब आलात. एकदा तरी आत डोकावावं असं वाटलं नाही?"

अप्पा उठून आत गेले. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. दोन कप चहा घेऊन स्वतःच बाहेर आले. चहात साखर पडायची राहिली होती, तरी मी घोट घेतला.

"दुकान हुतं तवर मानसं सोलापूरला जायची, हैद्राबादला जायची, येताना दुकानात टेकायची. सगळं सांगायची. पोरं शाळंतनं आली की दप्तर फेकून आदी सांगायला बसायची. आता दुकान बंद. पोरं पुन्याला. त्येंची आईबी नातवाला सांबाळायला तिकडंच."

"त्या येतात ना अधूनमधून?"

"येती की. पन सांगायला काय उरत न्हाय. समदं फोनवर झालेलं असतंय." त्यांनी चहाचा घोट घेतला, साखर नाही हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. "ह्या घरातनं भायेर जानारंच कुनी न्हाय, सर. मग परत येऊन सांगनार कोन? बसमदी कसं, गेलेलं मानूस परत येतंय. आन् पैलं माज्याकडंच येतंय. आत गेलो असतो तर ह्ये कुटं मिळालं असतं?"

मला गप्प बसायची सवय नाही, त्यामुळे लगेच नवा मूर्खपणा सुचला.

"अप्पा, उद्या आपण नळदुर्गला जाऊ. शेजारचा किल्ला तुम्ही आतून पाहिला नाहीत म्हणजे काय! एकदा डोळ्यांनी बघा, मग पुस्तकाला दोघांची नावं घालू."

अप्पा हसले. "येतो. पन आत तुमी जायचं. म्होरं पुस्तक संगट लिवायचं तर तुमाला सांगता येतंय का, त्ये बगाया नगं? सबंद सहलीत तुमी एक अक्षर सांगितलं न्हाय. दर वक्ताला नुसता मोबाइल म्होरं धरायचा. सांगितलंत तर लिवू, न्हाय तर तुमचं तुमी बगा."

जन्मभर परीक्षा घेतलेल्या माणसाची अशी परीक्षा ठरली. नापास झालो तर समारंभात अध्यक्ष पुस्तकाच्या जागी माझंच प्रकाशन करणार होते.

सकाळी नळदुर्गला उतरलो. अप्पा धुतलेलं धोतर नेसून आले होते. किल्ल्याच्या दाराशी सावली शोधून बसले, माझी पिशवी घेतली, तिच्यात मोबाइलही टाकायला लावला आणि मला आत सोडलं.

मी कान टोचून घ्यायला निघालेल्या पोरासारखा गेलो. पण सगळं मन लावून पाहिलं, किमान मला तसं वाटलं. बुरूज चढलो. बांधावर गेलो, पाणीमहालात उतरलो, खिडकीशी उभा राहिलो. मनात वाक्यं जुळवत होतो, ती चांगली जुळतही होती. घाम पुसत, विजयी मुद्रेनं परत आलो.

"हं, सांगा," अप्पा म्हणाले आणि सरसावून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर एवढी ओढ होती की मला भरून आलं.

मी घसा साफ केला. "बोरी नदीच्या पात्रावर भक्कम दगडी बांध घातला आहे. त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात बांधावरून दोन धबधबे कोसळतात, त्यांना नर-मादी म्हणतात. स्थापत्यशास्त्राचा हा एक अप्रतिम नमुना..."

"आत गारवा हुता?"

"असावा."

"पान्याचा आवाज येतोय काय तितं?"

"पाणी... होतं. आवाज म्हणजे, मी तेव्हा वाक्य जुळवत होतो."

"कुनी हुतं का दुसरं? काय बोलत हुते?"

मला आठवेना. एक जोडपं होतं बहुतेक. की पोरं होती?

अप्पांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. रागानं नाही, लहान पोराकडं पाहावं तसं. मग त्यांनी पाठीमागच्या मोठ्या पाटीकडं अंगठा केला.

"ह्ये समदं ह्या पाटीवर लिवलेलं हाय, सर. तुमी यायच्या आत म्या दोनदा वाचलं. जावा, बगून या."